सव्वा इंचाची गफलत

गोल्फच्या खेळात बिघडलेल्या फटक्यांची जी मोठी बिरादरी आहे, तिच्यातील चेंडूच्या माथ्याला खरचटून त्याला गवतातून सरपटवणारा ‘टॉप’, चेंडूआधी मातीचे ढेकूळ उपटणारा ‘फॅट’, उजवीकडे कमान घेऊन पळणारा ‘स्लाइस’ आणि डावीकडे वळणारा ‘हुक’ हे सर्व गुन्हेगार नावानिशी ओळखले जातात व खेळ संपल्यावर चहाच्या टेबलावर त्यांची यथेच्छ थट्टाही होते. परंतु याच बिरादरीतील ‘शँक’ या इसमाचे नाव मोठ्याने घेण्याचा प्रघात नाही. आपल्याकडे खेड्यात दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. इंग्रजी बोलणारे गोल्फपटू या शब्दाचे केवळ आद्याक्षर उच्चारून थांबतात, आणि चांगले शिकलेसवरलेले, न्यायासनावर बसून इतरांच्या अंधश्रद्धांना फटकारणारे गृहस्थही, सोबत्याने फटक्याच्या ऐन वेळी तो शब्द उच्चारला तर त्याच्याशी दिवसभर अबोला धरतात.

हा फटका म्हणजे काय, ते प्रथम सांगितले पाहिजे. लोखंडी क्लबाचा दांडा पात्याला जेथे जोडलेला असतो, तेथे कुदळीला असते तशी एक खोबण, एक आखूड नळी असते. तिला हॉझेल म्हणतात, आणि जुने ब्रिटिश खेळाडू तिच्यावरून या फटक्यालाच ‘सॉकेट’ म्हणत. चेंडू पात्याच्या सपाट मुखावर न बसता या गोल नळीवर बसला, की उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत तो बुटका, तिरका, लक्ष्याशी कसलाही संबंध नसलेल्या दिशेने उजवीकडे निघून जातो. आणि ज्या मनुष्याने पाच मिनिटांपूर्वी तोच क्लब घेऊन एकशेचाळीस यार्डांवरून चेंडू झेंड्याजवळ उतरवला होता, तो आपल्या हातांकडे परक्याच्या हातांकडे पाहावे तसा पाहत राहतो. एकदा झालेला शँक ही दुर्घटना मानता येते. पण तो एकटा सहसा येत नाही. दुसरा येतो, तिसरा येतो, आणि मग कित्येक आठवडे मुक्काम ठोकतो. या पुनरावृत्तीचाच येथे आढावा घ्यावयाचा आहे, आणि आरंभीच माझे मत नोंदवून ठेवतो, की या व्याधीवरचे बहुतेक इलाज फसतात याचे कारण रोगी आणि वैद्य दोघेही तिला दिशेची व्याधी समजतात, वस्तुतः ती अंतराची आहे.

चेंडू उजवीकडे गेला, तेव्हा क्लब उजवीकडे वळला असला पाहिजे, पाते उघडे पडले असले पाहिजे, असे अनुमान सामान्य मनुष्य काढतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या ठिकाणी चेंडूची दिशा ठरवणारा पृष्ठभाग पाते नसून एक नळकांडे असते, आणि नळकांड्याला लागलेला गोळा कोठे जाईल हे पात्याच्या रोखावरून सांगता येत नाही. आता मोजमाप पाहू. लोखंडी क्लबाचा मर्मबिंदू, म्हणजे जेथे फटका बसला असता हाताला धक्का जाणवतच नाही ती जागा, हॉझेलपासून ढोबळ मानाने सव्वा ते दीड इंचावर असतो. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, म्हणजे त्याची त्रिज्या सुमारे एकवीस मिलिमीटर झाली. सव्वा इंचातून ही त्रिज्या वजा करा. उरते ती जागा बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. जो फटका सर्वोत्तम आणि जो फटका सर्वात लांच्छनास्पद, त्यांच्यामधील कुंपण एवढेच आहे. मर्मबिंदूपासून तितकेच अंतर टोकाकडे चुकले तर चेंडू थोडा कमी जातो, हाताला झिणझिण्या येतात, आणि खेळ पुढे चालू राहतो. टाचेकडे, म्हणजे नळीच्या बाजूस, चुकले तर अब्रू जाते. चुकीच्या मानाने शिक्षा इतकी विषम असलेले दुसरे उदाहरण क्रीडाविश्वात क्वचितच सापडेल. यातूनच एक दिलासा निघतो, आणि तो अनुभवी शिक्षक आवर्जून देतात: शँक मारणारा खेळाडू चांगल्या फटक्याच्या अगदी शेजारी उभा असतो. नवशिक्याचे फटके पात्यावर सर्वत्र विखुरलेले असल्याने त्यालाही शँक होतो खरा, पण त्याचा मुक्काम मात्र ज्याचे फटके एका जागी जमू लागले आहेत, त्याच्याकडेच पडतो.

इतिहासाकडे वळले तर असे दिसते की, ही व्याधी लोखंडाबरोबर आली. पिसे भरलेल्या चामडी चेंडूच्या काळात खेळ मुख्यतः लाकडी क्लबांचा होता, आणि त्या लांबनाक्या क्लबांचे डोके दांड्याला तिरक्या जोडाने चिकटवून वर दोरा गुंडाळलेला असे. पुढे आलेली नळीच नव्हती. लोखंडी पात्याने फाटेल असा तो महागडा चेंडू १८४८ च्या सुमारास मागे पडला, गटापर्चाचा टणक व स्वस्त चेंडू आला, लोखंडी क्लबांचा अंमल वाढला, आणि त्यांच्यासोबत ही खोबणही खेळाडूंच्या नशिबी आली. याचे दुःख इतके जुने आहे की, १८९० च्या दशकातच फेअर्ली आणि स्मिथ यांच्या नावाच्या पेटंटांचे ‘अँटी-शँक’ क्लब बाजारात होते. त्यांत नळी मागे वळवून पात्याची कड तिच्या पुढे काढलेली असे, जेणेकरून चेंडूला नळी सापडूच नये. आज ते क्लब जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे आढळतात, खेळाडूंच्या पिशवीत आढळत नाहीत. उलट सध्याच्या बहुसंख्य लोखंडी क्लबांत पाते नळीच्या किंचित मागे ठेवण्याची पद्धत आहे, कारण त्याने स्लाइसला आळा बसतो. एका रोगावरचे औषध दुसऱ्या रोगाला आमंत्रण देते ते असे. या संदर्भात मला चेंबूरच्या गोल्फ मैदानालगतच्या वस्तीतील कॅडी मंडळींचा खेळ नेहमी आठवतो. गल्लीबोळांतून प्लास्टिकचा चेंडू मारण्यासाठी ते लोखंडी सळई वाकवून क्लब तयार करतात, आणि त्या क्लबाला मुख असे फारसे नसतेच, सगळा एक सांधाच असतो. त्या सळईने जो चेंडू सरळ मारू शकतो त्याला आम्ही बिदागी देऊन आमची पिशवी उचलायला लावतो, आणि वर त्याच्या देखत शँक मारतो.

मोठ्या खेळाडूंची या बाबतीत सुटका झालेली नाही, हे वाचून सामान्यांना थोडे हायसे वाटावे. १९७२ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे, बिंग क्रॉस्बी यांच्या नावाच्या स्पर्धेत, जॉनी मिलर शेवटच्या दिवशी विजयाच्या ऐन शर्यतीत असताना सोळाव्या होलवर सात नंबरच्या लोखंडी क्लबने त्याच्याकडून शँक झाला. सामना जॅक निकलसशी बरोबरीत सुटला आणि जादा होलवर निकलस जिंकला. पुढच्याच वर्षी याच मिलरने ओकमाँट येथे शेवटच्या फेरीत ६३ फटके मारून अमेरिकन ओपन जिंकली. २०१७ च्या प्लेयर्स स्पर्धेत इयन पोल्टर याने अखेरच्या होलवर, हजारो प्रेक्षकांसमोर, दुसरा फटका असाच झाडीत घातला. दंड घेऊन चेंडू टाकला, आणि नंतरचा फटका झेंड्याच्या इतक्या निकट उतरवला की एकाच फटक्याच्या नुकसानीवर त्याची सुटका झाली व दुसरे स्थान वाटून घेता आले. या दोन कैफियतींतून मला एवढेच दाखवायचे आहे की, शँक झाल्याने हात निकामी झाल्याचे सिद्ध होत नाही.

आता कारणमीमांसा. क्लब चेंडूपाशी परतताना, सुरुवातीला जेथे ठेवला होता त्यापेक्षा शरीरापासून सव्वा-दीड इंच दूर आला, एवढेच शँकचे साक्षात् कारण होय. बाकी सर्व कारणे या कारणाची कारणे आहेत. त्यांत सर्वात वारंवार आढळणारे म्हणजे शरीराचा भार चवड्यांवर जाणे. फिरणाऱ्या क्लबाचे डोके हातांना बाहेरच्या बाजूस ओढत असते, आणि तो जोर वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. टाचा जमिनीवर रोवलेल्या नसतील तर त्या ओढीबरोबर सगळा देह दोन बोटे पुढे झुकतो, आणि चेंडू होता तेथेच राहतो. याचाच दुसरा अवतार म्हणजे खाली येताना कंबर चेंडूच्या दिशेने पुढे ढकलली जाणे, ज्याला हल्लीचे शिक्षक ‘अर्ली एक्स्टेन्शन’ म्हणतात: कंबर पुढे आली की हातांना जायला जागा उरत नाही, ते बाहेर फेकले जातात. तिसरे कारण पकड. भीतीने आवळलेल्या मुठीमुळे बाहू आखडतात, मग सुरुवातीस उभे राहताना मोजलेले अंतर आणि वेगाने खाली येताना बाहू सैल सुटून पडणारे अंतर यांत तफावत पडते.

परंतु खरा घोळ याच्या पुढे आहे. क्लब बाहेर जाण्याचे मार्ग दोन आहेत, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या वर्गातील खेळाडू खांदे आधी फिरवून क्लब चेंडूच्या पलीकडच्या बाजूने आत कापत आणतो. हा बहुधा मूळचा स्लाइस मारणारा असतो, आणि त्याच्या उपटलेल्या गवताचा चरा लक्ष्याच्या डावीकडे रोखलेला दिसतो. दुसऱ्या वर्गातील खेळाडू क्लब नको इतका मागे, पाठीशी नेऊन, आतून बाहेर असा झोकतो आणि मनगटे वळवून पाते सताड उघडतो, म्हणजे नळीच सर्वांच्या आधी चेंडूपाशी हजर होते. हा बहुधा सुधारलेला, पुस्तके वाचलेला खेळाडू असतो. दोघांचाही चेंडू उजवीकडच्या त्याच झुडपात जातो. आता पहिल्याला ‘आतून मार’ हा सल्ला अमृतासारखा आहे, आणि दुसऱ्याला तोच सल्ला विषासारखा. तरीही मैदानावर दर दुसऱ्या सज्जनाच्या मुखातून तो सरसकट, फुकट आणि तत्परतेने मिळतो. रोग एक, निदाने दोन, आणि औषध वाटणारे निदान न करता वाटतात, अशी ही स्थिती आहे.

लोकोपचारांपैकी सर्वात जुना म्हणजे ‘चेंडूपासून आणखी लांब उभे राहा’. क्लब सव्वा इंच बाहेर येतो ना, मग आपणच सव्वा इंच मागे सरावे, हे गणित कागदावर निर्दोष आहे. व्यवहारात काय होते ते पाहण्यासारखे आहे: लांब उभा राहिलेला मनुष्य चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी पुढे वाकतो, वाकला की भार चवड्यांवर येतो, भार चवड्यांवर आला की क्लबाच्या ओढीला विरोध करणारे काही उरत नाही, आणि नळी पुन्हा चेंडूवर रुजू होते. मी स्वतः एका पावसाळ्यात असा मागे मागे सरत इतका दूर गेलो होतो की, शिकवणारा वृद्ध कॅडी अखेर न राहवून म्हणाला, “साहेब, अजून एक पाऊल मागं गेलात तर चेंडू मलाच मारावा लागंल.” याच जातीचा दुसरा उपाय डावीकडे नेम धरण्याचा. तो तर उघडच दिशेच्या भ्रमातून जन्मलेला आहे, आणि त्याची फलश्रुती एवढीच की, पहिल्या वर्गातील खेळाडू अधिकच बाहेरून कापू लागतो.

नामांकित आचार्यांच्या ग्रंथांकडे वळतानाही हीच सावधगिरी हवी. बेन होगन याचा ‘फाइव्ह लेसन्स’ हा १९५७ चा ग्रंथ या विषयावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या ग्रंथांपैकी आहे आणि त्याची योग्यता वादातीत आहे. पण होगनने उमेदीची वर्षे हुकशी झुंजण्यात घालवली होती, आणि त्याच्या पकडीच्या व मनगटांच्या नियमांवर त्या झुंजीची छाया आहे. हुकच्या वैऱ्याने लिहिलेली संहिता स्लाइसच्या रोग्याने शब्दशः पाळली तर पाते आणखीच उघडते. गुरूच्या औषधात गुरूचा रोग विरघळलेला असतो, हे ध्यानात ठेवून ग्रंथ वाचावेत. याउलट अर्नेस्ट जोन्स याची शिकवण मला शँकच्या दृष्टीने विशेष उपकारक वाटते. पहिल्या महायुद्धात उजवा पाय गमावल्यानंतरही हा ब्रिटिश व्यावसायिक उत्तम खेळत राहिला, आणि पुढे अमेरिकेत शिकवताना रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवून दाखवीत असे. शरीराच्या अवयवांना हुकूम सोडू नका, क्लबाचे डोके झुलवा, एवढाच त्याचा उपदेश होता. ज्याला एकच धड पाय, त्याने खांदे, कंबर आणि गुडघे यांच्या हालचालींचे व्याकरण ऐकवण्यापेक्षा टोकाला बांधलेल्या वजनाकडे बोट दाखवावे, यात मोठा अर्थ आहे.

शास्त्रज्ञांनी या अर्थाला नंतर आधार पुरवला. ब्रिटनच्या गोल्फ सोसायटीच्या आश्रयाने झालेल्या संशोधनावर अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ साली ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हा ग्रंथ सिद्ध केला. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो, आणि वरून खाली येणारा सगळा झोकच पाव सेकंदाच्या आसपास आटोपतो. मेंदूपर्यंत वर्दी जाऊन हुकूम परत यायला जवळजवळ तेवढाच वेळ लागत असल्यामुळे, ऐन वेळी हात आत ओढून शँक टाळण्याचा जो प्रयत्न भेदरलेला खेळाडू करतो, तो तत्त्वतःच उशिरा पोहोचणारा असतो. फटका बिघडायचा तो आधीच बिघडलेला असतो. दुसरा पुरावा मानसशास्त्राचा. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गोल्फचे आखूड फटके शिकणाऱ्या नवशिक्यांवर प्रयोग केला. एका गटाला आपल्या बाहूंच्या हालचालीकडे लक्ष ठेवायला सांगितले, दुसऱ्याला क्लबाच्या झोकाकडे, आणि दुसरा गट सरावातही व नंतरच्या चाचणीतही सरस ठरला. म्हणजे लक्ष अंगाबाहेर ठेवावे. अंगात ठेवले की गडबड होते.

हे सारे जमेस धरून इलाजाची तजवीज करावयाची, तर पहिले काम पंचनाम्याचे. पात्याच्या मुखावर खडूची पूड किंवा फळ्यावर लिहावयाच्या पेनाची शाई लावावी, दहा फटके मारावेत, आणि चेंडूची खूण कोठे उमटली ते पाहावे, चेंडू कोठे गेला ते पाहूच नये. हा नियम पाळणे फार जड जाते. मान आपोआप वर होते. परंतु त्या दहा खुणांत जी माहिती आहे ती दहा सल्ल्यांत नाही. खुणा टाचेकडे एकवटल्या असतील तर व्याधी जुनी आहे. विखुरल्या असतील तर तो शँक नसून सर्वसाधारण अव्यवस्था आहे, आणि तिची चिंता वेगळी करावी. मग गवतातील चऱ्याचा रोख पाहून आपला वर्ग ठरवावा.

त्यानंतर अवयवांना ताकीद देण्याऐवजी क्लबापुढे अडथळा ठेवावा. चेंडूच्या पलीकडे, त्याच्यापासून साधारण एक इंच सोडून, पुठ्ठ्याचा लांबट खोका लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवायचा आणि खोक्याला न शिवता चेंडू मारायचा, हा या प्रश्नावरचा मला ठाऊक असलेला सर्वोत्तम उपाय आहे. त्याचे कारण असे की, खोका अंतराविषयी बोलतो, दिशेविषयी बोलत नाही, आणि पहिल्या वर्गाच्या व दुसऱ्या वर्गाच्या खेळाडूला एकाच वेळी एकच खरी गोष्ट सांगतो. काही जण लाकडी फळी ठेवतात. मनगटांची काळजी असेल त्याने पुठ्ठाच ठेवावा. खोक्याच्या जोडीस आणखी एक युक्ती आहे, जी पहिल्यांदा ऐकताना विक्षिप्त वाटते: मुद्दाम टोकावर फटके मारावेत. पाच टोकावर, मग पाच जाणूनबुजून टाचेकडे, मग पाच मध्यावर. जो मनुष्य मागाल तेव्हा टोकावर चेंडू बसवू शकतो, त्याला त्या सव्वा इंचाचा ताबा परत मिळालेला असतो. भीती ज्या जागेची होती ती जागा आता हुकमी झाली. चवड्यांखाली एकेक चेंडू ठेवून टाचांवर भार ठेवण्याचा, किंवा पाठीमागे भिंत घेऊन कंबर तिला टेकवून ठेवण्याचा सराव ज्यांना लागू पडतो त्यांना तो उत्तम; माझ्या पाहण्यात भिंतीचा गुण कंबर पुढे ढकलणाऱ्यांनाच येतो, इतरांना केवळ पाठ दुखते.

क्लबांची लांबी, पात्याचा कल, दांड्याचा ताठरपणा यांविषयी विक्रेते बरेच सांगतात. लांबी फारच विजोड असेल तर ती तपासून घ्यावी. त्यापलीकडे या प्रश्नात पैशाने विकत घेण्यासारखे थोडे आहे.

राहता राहिला मनाचा भाग. ‘टिन कप’ या १९९६ च्या चित्रपटात नायकाला मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर सरावाच्या मैदानात शँक जडतो, आणि त्याचा कॅडी त्याला खिशातली नाणी दुसऱ्या खिशात घालायला, बुटाच्या नाडीची दुहेरी गाठ मारायला, कानामागे टी, म्हणजे चेंडू टेकवायची लहान खुंटी, खोचायला लावतो. नायक चिडतो, वैतागतो, आणि चेंडू सरळ मारतो. प्रेक्षक हसतात, पण त्या कॅडीने जे केले ते वुल्फबाईंच्या प्रयोगापासून फारसे दूर नव्हते. एवढ्यावरून शँक हा निव्वळ मनाचा खेळ आहे असे मानणारा जो पक्ष आहे, त्याच्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. खुणा टाचेकडे उमटतात त्या मनाने उमटत नाहीत. मन नंतर येते आणि आधीच बाहेर चाललेल्या क्लबाला आणखी बाहेर ढकलते. म्हणून क्रमही तसाच असावा: आधी खडू, मग खोका, आणि मग हवी तर कानामागे टी.

खोका किती दिवस ठेवावा, याविषयी शिक्षकांत एकमत नाही. काहींच्या मते खूण मध्यावर स्थिरावताच तो काढून घ्यावा, नाहीतर त्याची सवय जडते. मी तो दर चार फटक्यांनंतर एकदा काढतो आणि पुन्हा ठेवतो. माझा खोका मुळात चहाच्या पुड्यांचा होता. त्याच्या एका कडेवर पहिल्या आठवड्याच्या खोल खाचा आहेत, पुठ्ठा आत दबलेला आहे. वरच्या बाजूस नंतरचे ओझरते ओरखडे आहेत, आणि गेल्या महिन्यात पावसाने तो भिजला नसता तर त्यावर नवी खूण शोधायला मला चष्मा लावावा लागला असता.